शाडूच्या गोळ्या आणि ओळंबा

नाना पेठेतल्या काकांस,

सप्रेम नमस्कार.

मामाने इंग्लंडहून परत येताना आणलेली १९९२ ची माझदा एमएक्स-५ घेऊन मी तुमच्या रिमच्या दुकानात आले, तेव्हा १६ इंची, साडेसात इंच रुंदीचे, +२० ऑफसेटचे (चाक किती आत-बाहेर बसतं ते सांगणारा आकडा) रिम मनात पक्के करूनच आले होते. पीसीडी ४×१००, म्हणजे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावरची बोल्टची चार भोकं, जुळतोय म्हणजे काम झालं, अशी माझी समजूत. मागाल ती किंमत मी दिली असती. तुम्ही मला बाकावर बसवलंत, चहा मागवलात आणि बिलबुकाच्या मागे आकडे मांडलेत. गाडीचा मूळ रिम १४ इंची, साडेपाच रुंदीचा, +४५ चा. मला हवा होता त्याची बाहेरची कड ५० मिलिमीटर पुढे येत होती. "पोरी, दोन इंच! मडगार्डमध्ये तेवढी जागा आहे का?" उत्तराची वाट न बघता तुम्ही गवंड्याचा ओळंबा काढलात आणि मडगार्डच्या कडेवरून सोडून पट्टी लावलीत. जागा नव्हतीच.

ऑफसेट म्हणजे रिमचा मध्य आणि हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, टेकणारी बाजू यांच्यातलं अंतर, हे मी वाचलं होतं. पण तो आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं, बेअरिंगवरचा भार वाढतो आणि स्टिअरिंग खड्ड्याखड्ड्याला हातातून ओढलं जातं, हे तुम्ही माझ्या हातात स्टिअरिंग देऊन समजावलंत.

शाडूचा डबा तर मी विसरणारच नाही. तुमच्याकडची १५ इंची जोडी पुढे लावलीत, मडगार्डच्या आतल्या बाजूला सुपारीएवढ्या गोळ्या चिकटवल्यात, मला शेजारी बसवून गाडी गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून नेलीत, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलंत. परत आल्यावर दबलेली एकेक गोळी सुईने टोचून किती जाडी उरली, म्हणजे टायरला किती जागा आहे, ते मोजलंत. दोन तास गेले, त्यात तुमची दोन गिऱ्हाइकं परत गेली.

शेवटी ठरलं ते १५ इंची, साडेसहा रुंदी, +४०. मूळ रिमपेक्षा बाहेर १८ मिलिमीटर, आत ८. टायर १९५/५० (रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ५० टक्के), म्हणजे चाकाची उंची मूळच्या १८५/६० इतकीच, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा फरक. तसे रिम तुमच्याकडे नव्हते. तरी "दुसरीकडे मिळतील, घाई करू नकोस" म्हणालात. आधी एका दुकानात बसवून घेतलेल्या अलॉयमुळे सातारा रस्त्यावर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. दोनदा बॅलन्सिंग करूनही ते थांबेना. त्या रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं आहे, हे तुम्ही बोट फिरवून ओळखलंत. नव्या रिमना ती फट भरणाऱ्या, ५४.१ मिलिमीटरच्या हब रिंग स्वतः बसवून दिल्यात आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

परवा पहाटे कात्रजचा जुना घाट चढले. एकाही वळणावर टायर घासला नाही, शंभरला स्टिअरिंग स्थिर. मामाला फोन करून नुसता इंजिनाचा आवाज ऐकवला, तो बराच वेळ काही बोलला नाही.

काका, मनापासून आभार. तुमचा ओळंबा माझ्या डिकीत राहिलाय, शनिवारी आणून देते.

तुमची,
लाल माझदावाली