साइडकारचं तिसरं चाक आणि लांबचा पल्ला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला साइडकारवरचा लेख वाचला. लांब पल्ल्याच्या रॅलीसाठी मोटारसायकलला साइडकार जोडावी, तीन चाकांमुळे पडायची भीती राहत नाही, असा त्याचा सूर आहे. मी फॅब्रिकेशनचं काम करतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर थांबलेली जड गाडी पायावर तोलणं माझ्या ताईला जमेना, म्हणून सध्या तिच्या गाडीला साइडकार बसवतो आहे. थांबलेली गाडी पडत नाही, हे खरं. धावत्या गाडीचं तसं नाही, आणि ते लेखात राहून गेलं म्हणून हे पत्र.

वाहतूक रस्त्याच्या डावीकडून चालत असेल तर साइडकार डाव्या बाजूला असते. ती रिकामी असताना डावं वळण वेगात घेतलं की तिचं चाक जमीन सोडतं. घाबरून हँडल सरळ केलं, तर चाक टेकतं खरं, पण गाडी समोरून येणाऱ्या वाहनांच्या वाटेत जाते. ब्रेकचंही तेच. साइडकारच्या चाकाला स्वतःचा ब्रेक नसेल तर मोटारसायकल थांबू पाहते, साइडकार पुढे धावते आणि सगळी गाडी उजवीकडे ओढली जाते. म्हणून मागच्या ब्रेकच्या पायपट्टीलाच साइडकारचा ब्रेकही जोडायचा, यावर मी ठाम आहे.

आता जोडणीबद्दल. हल्लीच्या बऱ्याच मोठ्या गाड्यांची फ्रेम ॲल्युमिनियमची असते. तिला साइडकार धरायचे लोखंडी कान वेल्ड होत नाहीत आणि क्लॅम्प आवळायला गोल नळीही सापडत नाही. इंजिनच्या बोल्टांचा आधार घेऊन वेगळी सबफ्रेम, म्हणजे आधाराचा जादा सांगाडा, करावी लागते आणि साइडकार तिला चार ठिकाणी धरावी लागते. खालचे दोन जोड ओझं पेलतात, वरचे दोन मोटारसायकल किती कलती राहील ते ठरवतात. लेखासोबतच्या छायाचित्रात वर एकच जोड दिसतो. जवळपास फिरायला तो चालेलही, पण रॅलीसाठी मी तो पुरेसा मानत नाही.

खरं काम मापांचं आहे. साइडकारचं चाक मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या थोडं पुढे बसवतात आणि त्याचं तोंड किंचित आत, मोटारसायकलकडे वळवतात. हा टो-इन. साइडकार सतत आपल्या बाजूला ओढत असते, ती ओढ त्याने आवरते. दोन सरळ पट्ट्या घ्यायच्या, एक मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना आणि दुसरी साइडकारच्या चाकाला टेकवून धरायची, आणि पट्ट्यांमधलं अंतर पुढे व मागे मोजायचं. फरक साधारण 10 ते 25 मिलिमीटर. तो जास्त झाला तर चाक रस्त्यावर घासत राहतं. मोटारसायकल साइडकारपासून अंशभर बाहेर कलती ठेवतात, कारण रस्ता कडेकडे उतरता असतो. ही सगळी मापं चालक बसलेला आणि सामान भरलेलं असतानाच घ्यावीत. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप स्प्रिंग दबल्या की बदलतं. अमेरिकेतल्या आयर्न बट या लांब पल्ल्याच्या मोटारसायकल रॅलीत 11 दिवसांत साधारण 11,000 मैल, म्हणजे 17,700 किलोमीटर चालवतात. एवढ्या अंतरात चुकीचा टो-इन टायर खाऊन टाकतो.

ताईच्या खांद्यांची मला गुडघ्याइतकीच काळजी आहे. ही गाडी झुकत नाही, ती हँडल ओढूनच वळवावी लागते. मूळ फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, ते दिवसभर करणं म्हणजे जातं ओढणं. लीडिंग-लिंक फोर्क (चाक पुढे आलेल्या आखूड भुजांवर धरणारा) बसवून ट्रेल, म्हणजे हँडलचा अक्ष जमिनीला भेटतो तिथून चाक जितकं मागे टेकतं ते अंतर, कमी केला की हँडल खूप हलकं होतं. मात्र मग कमी वेगात ते थरथरतं, त्यासाठी ती थरथर शोषणारा स्टिअरिंग डँपर हवाच.

जादा पेट्रोलची टाकी बहुतेक जण साइडकारमध्ये ठेवतात. (टाकी करवून घेण्याआधी रॅलीचे इंधनाचे नियम वाचावेत.) वीस लिटर पेट्रोलचं वजन सुमारे 15 किलो. ते जळत जातं तशी साइडकार हलकी होते, म्हणजे चाक उचललं जाण्याचा धोका चालक दमत जातो तसा वाढतो. त्यामुळे बॅटरी, हत्यारं, जादा चाक अशी न सरणारी वजनं साइडकारमध्ये खाली आणि बाहेरच्या कडेला घट्ट बांधावीत. ताईच्या गाडीत टाकीची जागा मी हे ठरल्यावरच आखली.

शेवटी चालवण्याचं. दुचाकीवर वेगात डावीकडे वळताना आपण नकळत हँडल क्षणभर उजवीकडे देतो. साइडकार जोडली की तोच हात गाडीला उजवीकडे नेतो. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्याची ही सवय जास्त पक्की असते, आणि लेखात मात्र अनुभवी चालकाला वेगळ्या सरावाची गरज नाही असं सुचवलं आहे. ते कृपया दुरुस्त करावं. रिकाम्या मैदानात, साइडकारमध्ये वाळूची पोती ठेवून सुरुवात करावी आणि चाक मुद्दाम उचलून परत टेकवता येईपर्यंत रस्त्यावर जाऊ नये. लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचं आपण छापलं आहे. त्यात साइडकारचा ब्रेक आणि हा सराव यांना जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक फॅब्रिकेटर वाचक