आगीच्या बातमीत वाफेचाही उल्लेख हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेट्रोल, थिनर किंवा स्पिरिटमुळे लागलेल्या आगीच्या बातमीत ‘अचानक भडका उडाला’ याच्या पुढे कारण सहसा छापलेले नसते. रसायनशाळेत द्रावके, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणारे द्रव, हाताळण्यात माझी सारी नोकरी झाली. त्या अनुभवावरून कळकळीने लिहितो, की भडक्याच्या आधी बराच वेळ वाफ जमिनीलगत पसरत असते. ती दिसत नाही, म्हणून कोणी थांबत नाही.

द्रव स्वतः पेटत नाही, त्याची वाफ पेटते. पेट्रोलमधून पेटण्याइतकी वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही सुटते, नेलपॉलिश काढायला वापरतात त्या अ‍ॅसिटोनमधून उणे 20 ला. रॉकेल मात्र साधारण 38 अंशांच्या वर तापावे लागते. त्यामुळे ज्याचा हात रॉकेलवर बसला आहे, तो पेट्रोल हाताळताना हमखास फसतो. हवेत पेट्रोलची वाफ जेमतेम दीड टक्का असली, तरी ठिणगीला तेवढी पुरते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून न जाता दाराखालच्या फटीतून शेजारच्या खोलीत शिरते, तळघरात आणि गटारात उतरते. तिथे शेगडीची ज्योत किंवा एखाद्या स्विचची ठिणगी भेटली, की आग आल्या वाटेने उलटी डब्यापर्यंत धावते. ‘इथे तर कोणी काडीही ओढली नव्हती’ असे जळालेल्या घरातली माणसे सांगतात, आणि ते खरेच असते.

रिकाम्या डब्याला कोणी भीत नाही, याची मला फार काळजी वाटते. तळाशी उरलेल्या थेंबांची वाफ आणि आत शिरलेली हवा मिळून स्फोटक मिश्रण तयार होते. असा डबा किंवा पिंप कापायला, वेल्डिंगला घेऊन कामगार दगावतात. पाण्याने एकदा विसळणे पुरेसे नाही.

आगीइतकेच नुकसान श्वासावाटे होते, फक्त ते बातमीत येत नाही. सुरुवातीला वास झोंबतो, मग नाक सरावते आणि वास गेला असे वाटते. वाफ तेवढीच असते. पेट्रोलमध्ये थोडे बेंझीन असते आणि त्याने रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. काही चिकटद्रव्यांतले एन-हेक्झेन वर्षानुवर्षे हुंगणाऱ्या कामगारांच्या हातापायांच्या नसा निकामी होतात. मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल पोटात गेले तर दृष्टी जाऊ शकते, आणि पेटले तर त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. रंगकाम संपल्यावर थिनरने हात धुणे तर सर्रास चालते. त्याने कातडीचा तेलकटपणा जाऊन ती फुटते.

पाण्याच्या बाटलीत रॉकेल किंवा थिनर भरून ठेवण्याची सवय मला अक्षम्य वाटते. लहान मूल ते पाणी समजून पिते. अशा वेळी घाबरून त्याला उलटी करवू नये, कारण वर येताना ते फुप्फुसात उतरते आणि खरा घात तिथेच होतो. तडक रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी.

माझी विनंती एवढीच, की अशा आगीची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी अग्निशमन दलाला तीन गोष्टी विचाराव्यात: द्रव कोणता होता, वाफ कुठे साठली आणि ठिणगी कुठून आली. उत्तरे मिळतील तेवढी छापावीत. पेटत्या पेट्रोलवर पाणी ओतल्यास ते पाण्यावर तरंगत आग पसरवते, तिथे फेस, कोरडी पावडर किंवा वाळू वापरावी, हेही त्याच बातमीशेजारी चौकटीत द्यावे. ज्या दिवशी बातमी येते, त्या दिवशी लोक ते वाचतील.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक