अमांडा केसल यांस आभारपत्र

प्रिय अमांडा केसल यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे, कारण मनापासून आभार मानायचे झाले की मला याच भाषेत शब्द सुचतात. माझी लेक ते तुमच्यासाठी इंग्रजीत उतरवून देणार आहे.

मार्च 2013 मध्ये ती नऊ वर्षांची होती आणि आम्ही मिनियापोलिसच्या रिडर अरीनात महिला महाविद्यालयीन बर्फावरच्या हॉकीचा राष्ट्रीय अंतिम सामना पाहायला बसलो होतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या तुमच्या संघाने बॉस्टन युनिव्हर्सिटीला 6-3 असे हरवले आणि एकही सामना न गमावता, 41 पैकी 41 जिंकून मोसम संपवला. त्या मोसमात तुम्ही 37 सामन्यांत 46 गोल आणि 55 असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलला दिलेली साथ), म्हणजे एकूण 101 गुण मिळवलेत आणि महिला महाविद्यालयीन हॉकीतील सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा पॅटी काझमायर पुरस्कारही तुम्हालाच मिळाला. हे आकडे लेकीने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. बर्फावरची हॉकी मला तिच्यामुळेच कळू लागली, आणि त्या दिवसापासून तिच्या सगळ्या बोलण्यात तुम्ही होतात.

तरीही आभार मानायचे आहेत ते त्या 101 गुणांसाठी नव्हे, तर त्यानंतर तुम्ही बर्फापासून दूर राहिलात त्या काळासाठी.

डिसेंबर 2015 मध्ये सरावात लेक कठड्यावर आदळली. मुलींच्या हॉकीत अंगावर धडकून अडवणे नियमाबाहेर आहे, पण म्हणून बर्फ किंवा कठडे मऊ होत नाहीत. रक्त आले नाही, सूजही दिसली नाही. डॉक्टरांनी मात्र कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला मुका मार, असे निदान केले. खिडकीला चादर लावून ती दिवसचे दिवस पडून असे. तिला कुकरची शिट्टी सहन होत नसे, म्हणून मी कुकर कपाटात ठेवून दिला आणि डाळ-भात पातेल्यात शिजवू लागले. तिच्या संघातून दर आठवड्याला एकच विचारणा होई, की ती परत कधी येणार. ती मला म्हणायची, "आई, सगळ्यांना वाटतंय मी नाटक करतेय." बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या मुलीचे दुखणे लोकांना पटवून देणे किती अवघड असते, हे मला तेव्हा कळले.

अशा वेळी मी तिला तुमची हकीकत वाचून दाखवली. 2014 च्या सोची ऑलिंपिकआधी तुमच्या डोक्याला मार बसला होता, त्यातूनही तुम्ही तिथे तीन गोल केलेत आणि अमेरिकेच्या संघाला रौप्यपदक मिळाले. पण नंतर त्रास इतका वाढला की 2014-15 चा अख्खा मोसम तुम्ही मैदानाबाहेर काढलात आणि आता खेळणे कायमचे संपले, असेच सगळ्यांनी गृहीत धरले. हे सारे तुम्ही लपवले नाहीत, उघडपणे सांगितलेत. ज्या खेळाडूचे आकडे तिने वहीत उतरवले होते, तिलाही अंधाऱ्या खोलीचे दिवस ठाऊक आहेत, हे ऐकून ती कितीतरी दिवसांनी शांत झोपली. जे मला आणि डॉक्टरांनाही जमले नव्हते, ते तुमच्या त्या कबुलीने केले.

फेब्रुवारी 2016 मध्ये तुम्ही मिनेसोटाच्या संघात परतलात. 20 मार्चला न्यू हॅम्पशायरमध्ये बॉस्टन कॉलेजशी अंतिम सामना होता आणि तो संघ तोवर 40 सामन्यांत एकदाही हरला नव्हता. लेकीला त्या काळात दिवसाकाठी फक्त अर्धा तास पडद्याकडे पाहायची परवानगी होती. तिने तो अर्धा तास तिसऱ्या, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या, पिरियडसाठी राखून ठेवला. आवाज बंद, उजेड कमी केलेला आणि डोळ्यांवर माझा गॉगल, अशी ती माझ्याशेजारी बसली होती. त्याच पिरियडमध्ये तुम्ही गोल केलात. ती ओरडली नाही, फक्त माझा हात घट्ट धरून बसली. मिनेसोटा 3-1 ने जिंकले.

पुढे न्यूयॉर्क रिव्हेटर्स या व्यावसायिक महिला संघाशी तुमचा करार झाला, 2018 मध्ये प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने वीस वर्षांनी सुवर्णपदक जिंकले आणि कॅनडाविरुद्ध बरोबरीनंतर झालेल्या शूटआउटमध्ये, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्याने गोलरक्षकासमोर जायच्या फेरीत, तुमचा गोल मोलाचा ठरला. हे सगळे आम्ही आवाज मोठा करून पाहिले.

दुखापतीनंतर उरलेला तो 2015-16 चा मोसम लेक एकही सामना खेळली नाही आणि त्याबद्दल तिने कोणाची माफीही मागितली नाही. ऑक्टोबरात डॉक्टरांनी होकार दिल्यावर ती स्वतः बॅग भरू लागली, स्टिकला नवी पांढरी टेप गुंडाळली आणि जाता जाता मला म्हणाली, "आई, आता कुकर लाव."

तुमची ऋणी,
मिनेसोटातील एक आई