कायम झालीस का?

ग्योटिंगेन, जर्मनी, १८ जानेवारी

ती. आई-बाबांना शि. सा. न.

नोकरी मिळाल्याचं सांगितलं तेव्हा बाबांनी लगेच विचारलं, "कायम का?" मी "नाही" म्हटलं आणि दोन्हीकडे शांतता झाली. फोनवर मला हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा, तुमची ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. दोन वर्षांचा करार म्हटल्यावर तुम्हाला धास्ती वाटणारच. पण इथं पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, जागा अशाच असतात. २००७चा कायदा आहे, त्यानुसार पीएचडीआधी ६ आणि नंतर ६ वर्षं माणसाला मुदतीच्या करारावर ठेवता येतं. तेवढ्यात प्राध्यापकी किंवा कायमची जागा मिळवायची, आणि अशा जागा फार थोड्या. मला हा अन्यायच वाटतो. इथल्या पोरांनीही २०२१ साली त्यावर मोठा आवाज उठवला होता. मी कुठं कमी पडले म्हणून करार दोन वर्षांचा आहे, असं मात्र मनात आणू नका.

सात महिने शोधत होते, हे तुम्हाला कळू दिलं नाही. पीएचडी इथलीच असल्यामुळे नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, त्या आधारावर तग धरला. सुरुवातीला एकच मजकूर सगळ्यांना पाठवत होते. उत्तरं आली नाहीत. मग जाहिरातींची वाट बघणं सोडलं. एकेका प्रयोगशाळेचे शोधनिबंध वाचायचे आणि तिथल्या प्रमुखांना थेट लिहायचं की तुमच्याकडे येऊन मला अमुक करून बघायचंय. आठवड्याला एकच पत्र व्हायचं, पण उत्तरं येऊ लागली. एका ठिकाणी सगळं ठरल्यासारखं होतं आणि शेवटी निधी मंजूर झाला नाही. आई, त्या रविवारी मी "सर्दी झालीय" म्हणाले ना, ती सर्दी नव्हती.

आता नोकरीचं ठिकाण, गाटर्सलेबेन. हार्त्सच्या डोंगराजवळचं छोटं गाव, पण तिथल्या पिकांवर संशोधन करणाऱ्या लायबनिट्स संस्थेत पिकांच्या बियाण्यांचे दीड लाखाच्या आसपास नमुने आहेत, उणे १८ अंशांत जपलेले. जवाचा जनुकसंच २०१७ साली उलगडला, त्यात या संस्थेचा मोठा वाटा होता. माझं काम जवाच्या मुळांवर, कमी पाण्यात ती काय करतात यावर.

मुलाखतीत पाऊण तास व्याख्यान झालं, मग एकेकाशी बोलणं. एका बाईंनी विचारलं, मुळंच का? मी आपल्या रानाबद्दल सांगितलं. पाऊस गेल्यावर काळ्या मातीतल्या नुसत्या ओलीवर उभी राहणारी मालदांडी ज्वारी, तुम्ही पेरता ती मोहोळच्या केंद्रातून निघालेली ३५-१. बाई लिहून घेत होत्या. बाबा, त्या क्षणी मला तुम्ही तिथं हवे होतात.

पीएचडीला ६५ टक्के पगार होता, आता पूर्ण. आरोग्यविमा आणि पेन्शन पगारातूनच कापतात, तेव्हा आईनं दवाखान्याची काळजी करू नये. पुढची जागा मात्र मी पहिल्या वर्षापासूनच शोधणार. तेव्हा भारतातल्या संस्थांतही अर्ज करीन, हे मनापासून सांगते.

१ एप्रिलला रुजू व्हायचंय. त्याआधी तीन आठवडे घरी येते. हुरडा हुकला, पण मळणी माझ्यासाठी थांबवता आली तर थांबवा.

तुमची,
मनू