वेबसाइटचं नाव कोणाच्या नावावर आहे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. आंबापोळी, कोकम आगळ, आमसुलंही घरीच करतो. मुंबईच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनी ‘वेबसाइट काढा, थेट मागवू’ असा लकडा लावला, म्हणून चार वर्षांपूर्वी शहरातल्या एका वेब डिझायनरला काम दिलं. पंधरा हजार ठरले, रोख दिले, पावती घेतली नाही.

वेबसाइट झाली, तर पहिल्याच पानावर चोचीचा तोतापुरी! फोन केला तर म्हणाला, "ताई, नेटवरचा फोटो आहे, कुणाला कळतंय?" आमच्या गिऱ्हाइकाला कळतं. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्या नावाने आम्ही तोतापुरी दाखवायचा? शेवटी मी अढी उघडून, गवतावरच्या फळांचे मोबाइलवर फोटो काढून पाठवले, तेव्हा त्याने तो फोटो बदलला.

खरा घाव पुढेच होता. मागच्या फेब्रुवारीत वेबसाइट उघडेना. चौकशी केली तेव्हा समजलं, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्याने स्वतःच्या नावावर घेतला होता. मुदत संपल्याचे ईमेल त्यालाच जात होते, त्याचा फोन बंद. नोंदणी कंपनी म्हणाली, आमच्याकडे तुमचं नावच नाही. इकडे सहाशे पेट्या छापून पडवीत रचलेल्या, प्रत्येकीच्या दोन बाजूंना तोच पत्ता. सासूबाई आणि मी चार रात्री बसून बाराशे स्टिकर चिकटवले. पुठ्ठा दमट, कडा सुटायच्या. सासूबाई प्रत्येक स्टिकरवरून अंगठा दाबून फिरवायच्या. चौथ्या रात्री त्यांचा अंगठा सुजला होता.

कलम आपण लावायचं, शिंपून वाढवायचं आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे कोणता बागायतदार चालवून घेईल? डोमेनचं तेच आहे. ते विकत मिळत नाही, मुदतीवर मिळतं, फार तर एका वेळी दहा वर्षांसाठी. साधं नाव वर्षाला हजार-बाराशेत येतं. नवं नाव मी स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइलवर घेतलं, अर्ध्या तासाचं काम. मगच कणकवलीच्या एका मुलीला डिझाइन दिलं. तिनेच आधी कागद पुढे केला: होस्टिंगचा, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या जागेचा, पासवर्ड कोणाकडे, फोटो आणि मजकूर कोणाचा, दरवर्षीचा खर्च किती. प्रामाणिक डिझायनरला याचा राग येत नाही, हे तिच्याकडे बघून कळलं.

ज्यांची वेबसाइट आधीच आहे त्यांनी एवढंच विचारावं: डोमेनच्या खात्यात लॉगिन कोणाच्या ईमेलने होतं? डिझायनरच्या होत असेल तर संबंध चांगले आहेत तोवरच ते आपल्या खात्यात वळवून घ्यावं.

आंबा-कोकम प्रक्रियेच्या प्रशिक्षणात आम्हाला अन्न परवाना, लेबल, पॅकिंग सगळं शिकवलं. जिल्हा उद्योग केंद्राने आणि बचत गटांच्या प्रशिक्षकांनी त्यातच एक तास डोमेन-वेबसाइटच्या या गोष्टींसाठी द्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. आणि तो पेट्या छापखान्यात जाण्याआधी, दिवाळीच्या आसपास द्यावा.

आपली,
एक आंबा बागायतदार
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग