जीन्स जुनी कोणी केली ते विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत महागड्या जीन्सवर जो लेख आला तो मी दोनदा वाचला, एकदा सकाळी पोह्यांबरोबर आणि एकदा दुपारी मशीनवर बसल्या बसल्या, आणि तेव्हापासून तो डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला घेतलं. लेखाचं म्हणणं असं की सहा-सात हजाराची कडक जीन्स घ्यायची आणि महिनोन् महिने अंगावर वागवून ती मऊ करायची हे पोरांचे चोचले आहेत, समजूतदार माणसानं चारशे-पाचशेची पँट घ्यावी, वापरावी, फाटली की टाकावी. मी नंदानगरात तीस वर्षं घरी शिवणकाम करते, त्यात अल्टरचं काम सगळ्यात जास्त, दोन्ही प्रकारचे कपडे रोज हातात येतात, आणि मला मनापासून वाटतं की लेखात अर्धीच गोष्ट आली.

आमचे बाबा इथल्याच एका मिलमध्ये लूम खात्यात होते. मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, हुकुमचंद ही नावं आमच्या घरात नातेवाईकांसारखी घेतली जायची. बाबा कापड आधी डोळ्यांनी बघायचेच नाहीत, अंगठा आणि बोटाच्या मधे धरून चोळायचे, मग किनार बघायचे, मग उजेडात धरायचे, आणि हे सगळं होईपर्यंत कोणी किंमत सांगितली तर चिडायचे. मी पण तसंच करते, सवयच लागलीय.

तर झालं असं की आमच्या गल्लीतला एक मुलगा, आयटीआय करून पीथमपूरला फिटर आहे, दोन वर्षांपूर्वी पहिल्या बोनसमधून साडेसहा हजाराची जीन्स घेऊन आला. त्याची आई इतकी चिडली की पँट उचलून थेट माझ्याकडेच आली, म्हणाली ताई तुम्हीच सांगा ह्याला, एवढ्यात घरातल्या सगळ्यांचे कपडे झाले असते. मागोमाग पोरगं आलं, काकू खालून कापून द्यायचीय पण आधी भिजवा, धुतलेली नाहीये, आटेल. मला तेव्हा त्याच्या आईचंच पटत होतं खरं सांगायचं तर. पण मी पँट हातात घेतली, खळ इतकी होती की घडी घालताना पुठ्ठ्यासारखा आवाज येत होता, पायाची शिवण उलटून बघितली आणि माझा हातच थांबला. कडेला ओव्हरलॉक, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून मारतात ती शिवण, नव्हतं, कापडाची स्वतःची किनार होती, पांढरीशुभ्र, आणि तिच्यात एक लाल धागा सरळ खालपर्यंत गेलेला. अशी किनार धोट्याच्या जुन्या मागावरच येते, धोटा इकडून तिकडे जातो, परत वळतो, म्हणून आडवा धागा कडेला तुटत नाही. त्या मागाचा पन्हा २८ ते ३२ इंच, म्हणजे आजच्या रुंद पन्ह्याच्या मानानं एका पँटला जवळपास दुप्पट लांबीचं कापड लागतं, आणि माग चालतोही सावकाश. बाबांच्या हातातली कांडी, धोटा, तो आवाज, सगळं आठवलं मला. त्या बाईंना मी म्हटलं, वहिनी, पैसे जास्त गेले हे खरं, पण कापडात गेलेत.

भिजवून वाळवल्यावर ती लांबीत अडीच इंच आटली. सॅन्फोराइज न केलेलं, म्हणजे गिरणीतच आधी आटवून न घेतलेलं, कापड पहिल्या पाण्यात शेकडा सात ते दहा आटतं, म्हणून असल्या पँटला आधी पाणी दाखवायचं, मग कात्री लावायची. मग पहिले दोन महिने त्या मुलाला बसताना त्रास व्हायचा, गुडघ्यामागे काचायचं, पीथमपूरच्या बसमध्ये उभं राहून जायचा म्हणे. ह्यालाच ते ब्रेक-इन म्हणतात.

आता ह्या कापडात होतं काय ते सांगते कारण लेखात ते आलंच नाही. जीन्सचा उभा धागा निळा असतो आणि आडवा पांढरा, म्हणून आतून पँट पांढुरकी दिसते. हा निळा म्हणजे नीळ. धागा निळीच्या कुंडात बुडवतात, बाहेर काढतात तेव्हा हिरवट असतो, हवा लागली की निळा होतो, असं परत परत करतात, पण नीळ धाग्याच्या पोटात जात नाही, वरवर बसते, आत गाभा पांढराच राहतो. म्हणून जिथे घासलं जातं तिथे निळं उडतं आणि पांढरं दिसायला लागतं. म्हणजे जो माणूस जसा उठतो बसतो तशीच त्याची जीन्स होते. ह्या मुलाची जीन्स मागच्या दिवाळीत माझ्याकडे आली तेव्हा डावा गुडघा उजव्यापेक्षा जास्त पांढरा होता, कारण मशीनखाली वाकताना तो डावा गुडघा टेकतो, आणि मागच्या उजव्या खिशावर एक बारीक उभी रेघ होती, सहा इंची स्टीलपट्टीची, ती तो कायम तिथेच खोचतो. मी पँट बघून त्याचं काम सांगू शकले असते. आणि हात लावला तर कापड मऊ झालेलं पण भरीव तसंच, एवढ्या वापरात फक्त आसनाशी थोडं विरलं होतं, ते आतून तुकडा लावून १८ नंबरच्या सुईनं रफू करून दिलं.

(एक गोष्ट मात्र मी त्याला पहिल्या दिवशीच बजावली होती. सहा महिने धुवायची नाही वगैरे जे ही मुलं बोलतात ते इंदूरच्या मे महिन्यात चालायचं नाही. घाम आणि धूळ कापडात बसून राहिली तर आसन आधी जातं, हे मी कितीतरी पँटींवर बघितलंय. उलटी करून, गार पाण्यात, ब्रश न मारता धुवा, सावलीत वाळवा, बास.)

पण म्हणून स्वस्त कपडे घालणाऱ्यांना कोणी कमी लेखलं तर ते मला अजिबात चालणार नाही. आमचे हे वायरिंगची कामं करतात आणि जन्मभर टेरिकॉटच्याच पँटी घालत आलेत, एम.टी. क्लॉथ मार्केटमधून कटपीस आणते, मी शिवते, साडेतीनशेत पँट होते. जुलैत पाऊस लागला की १४ औंसाची जाड जीन्स तीन-तीन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो, आणि टेरिकॉट रात्री धुतलं की सकाळी अंगावर. ज्याच्याकडे दोनच पँटी आहेत त्यानं काय करायचं? ह्यांची एक राखाडी पँट नऊ वर्षं चालली, दोनदा चेन बदलली, पायाची खालची मोहरी एकदा उलटून घेतली. त्यामुळे लेखात 'स्वस्त घ्या आणि टाका' असं जे आलंय ते पण मला लागलं, स्वस्त वापरणारी माणसंच तर टाकत नाहीत, ती शेवटपर्यंत वापरतात, मग त्याची पिशवी होते, मग पायपुसणं होतं.

आणि जीन्स हा मुळात ह्याच माणसांचा कपडा. जाड्याभरड्या डोंगरी कापडावरून इंग्रजीत डंगरी शब्द गेला, ते नाव आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून पडलेलं. आणि खिशाला तांब्याचे रिव्हेट मारायची युक्ती जेकब डेव्हिस नावाच्या अमेरिकेतल्या एका शिंप्याची, एका मजुराची बायको त्याच्याकडे आली होती, माझ्या नवऱ्याची पँट सारखी फाटते, मजबूत शिवून दे म्हणून. पेटंटला पैसे नव्हते म्हणून त्यानं ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या लेव्ही स्ट्रॉसला बरोबर घेतलं आणि २० मे १८७३ ला दोघांना पेटंट मिळालं. मला हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण माझ्याकडेही अशाच बायका येतात, हेच म्हणत. आपल्याकडे नव्वदच्या दशकात अहमदाबादच्या अरविंद मिल्सनं रफ अँड टफ काढली होती, पाकिटात कापड, चेन, रिव्हेट, लेबल सगळं, घ्या आणि आपल्या शिंप्याकडून शिवून घ्या. मी नुकतं काम सुरू केलं होतं, त्या पाकिटांनी माझ्या किती सुया मोडल्या पण हात बसला तो तिथेच.

मग माझं भांडण कशाशी आहे? तिसऱ्या प्रकाराशी, ज्याच्याबद्दल लेखात एक ओळ नाही, उलट त्याच पानावर फोटो मात्र त्याचाच होता. नवीकोरी पण जुनी दिसणारी जीन्स. मांडीवर पांढरी, गुडघ्यावर फाडलेली, दीड-दोन हजाराची. माझ्याकडे सगळ्यात जास्त दुरुस्तीला हीच येते, चार-सहा महिन्यांत. आणि ती नीट दुरुस्त होतच नाही, कारण भोकाच्या आजूबाजूचं कापड आधीच घासून घासून पातळ केलेलं असतं, मी ठिगळ लावलं की ठिगळाच्या कडेला फाटतं, शिवण धरणार कशाला? त्यात लायक्रा असेल तर ते तुटून गुडघ्याला फुगवटे येतात. पोरी मला म्हणतात मावशी नीट शिवलं नाहीत. काय सांगू त्यांना.

आणि ही जीन्स जुनी केली कोणी? कोणीतरी मशीनवर चढवून पॉलिश पेपरनं मांडीवर रेघा घासल्या, कोणीतरी पोटॅशियम परमँगनेट फवारलं, तेच जांभळं औषध जे आपल्याकडे विहिरीत टाकायचे. आणि काही ठिकाणी वाळूचा जोरात फवारा मारून रंग उडवायचे. त्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, ज्यातून माणूस बरा होत नाही. तुर्कस्तानात जीन्सवर वाळू मारणारी तरणीताठी मुलं ह्यानं गेली तेव्हा २००९ मध्ये तिथे त्यावर बंदी आणावी लागली. साहेब, हा रोग माळव्याला नवीन नाही. मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांना हाच झाला. झाबुआ-अलीराजपूरची आदिवासी माणसं गोध्र्याकडे दगड दळायच्या कारखान्यांत गेली आणि हाच घेऊन परतली, सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं. आपल्याला तर हे कळायलाच हवं ना? ज्या पोराला जीन्स जुनी हवी आहे त्यानं ती स्वतःच्या गुडघ्यांनी जुनी करावी, दुसऱ्याच्या छातीनं नाही.

आता हे काम लेझरनं पण करतात, त्यात वाळू नसते, हे मला माहीत आहे. पण घेणाऱ्याला कळणार कसं? मी मागच्या आठवड्यात राजवाड्याजवळच्या दोन दुकानांत मुद्दाम लेबल उलटून बघितली. ९८ टक्के सुती, २ टक्के इलास्टेन म्हणजे लायक्राच, गार पाण्यात धुवा, इस्त्री कमी गरम. रंग कसा उडवला त्याचं एक अक्षर नाही. दुकानदाराला विचारलं तर त्यालाही सांगता आलं नाही, पण तो म्हणाला आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या पुरवणीत ह्यावर लिहा, आणि कारखानदारांनी लेबलवर ही एक ओळ छापावी अशी मागणी आपल्या पेपरनं लावून धरावी. लेख आला की कात्रण मी मशीनच्या वर भिंतीला लावीन, दुरुस्तीला येणारी प्रत्येक मुलगी तिथे पाच मिनिटं तरी उभी असते.

आपली एक वाचक,
नंदानगर, इंदूर