भिजलेल्या मक्याविषयी मित्रास पत्र

नाशिक

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. परतीच्या पावसात खळ्यावरचा मका भिजला, व्यापाऱ्याने काळवंडलेला माल घ्यायला नकार दिला आणि तो तू आता गाईंच्या खुराकासाठी ठेवला आहेस, हे वाचून लगेच लिहायला बसलो. येवल्यापासून निफाड-चांदवडपर्यंत या दिवसांत असेच होते. बाजारात जे खपत नाही ते गोठ्यात जाते. माझी तुला कळकळीची विनंती आहे, हा मका गाईंना घालू नकोस.

दाण्यावर दिसणारी हिरवट-पिवळी बुरशी बहुधा अस्परजिलस फ्लेव्हस असते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत या विषाचा शोध लागला. आपल्या देशात १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे काविळीने दगावली.

गाय मात्र सहसा अशी अचानक दगावत नाही आणि फसगत तिथेच होते. ती थोडे कमी खाते, दूध हळूहळू उतरते, प्रतिकारशक्ती घटल्यामुळे कासदाह पुन्हापुन्हा होतो आणि आपण औषधांवर खर्च करत राहतो. मक्यावरच वाढणाऱ्या फ्युजेरियम या दुसऱ्या बुरशीच्या विषाने माजाचे चक्र बिघडते. तुझ्या दोन गाई गाभण न राहता सारख्या उलटतात, त्याचे कारण हेच आहे असे मी म्हणत नाही. पण डॉक्टरांना खुराकाबद्दल अवश्य सांग.

मला सर्वांत जास्त चिंता दुधाची वाटते. गाईच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनच्या बी-१ या प्रकारापैकी साधारण एक ते सहा टक्के भाग एम-१ या बदललेल्या रूपात एका दिवसाच्या आत दुधात उतरतो. समज, खुराकात किलोमागे १०० मायक्रोग्रॅम विष आहे आणि गाय दिवसाला चार किलो खुराक खाते. चारशेपैकी दोन टक्के, म्हणजे आठ मायक्रोग्रॅम, पंधरा लिटर दुधात आले तर लिटरमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या थोडे वरच भरते. आपल्या देशातील कायदेशीर मर्यादा तेवढीच, किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, आहे. दूध उकळल्याने हे विष जात नाही. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत एम-१ मर्यादेपेक्षा जास्त सापडले होते. गावच्या संकलन केंद्रावर फॅट आणि डिग्री (दुधाची घनता) पाहून भाव मिळतो, त्यामुळे हे विष तिथे कुणाच्या लक्षात येत नाही. पण तेच दूध तुझ्या नातवंडांच्या पेल्यात जाते. दिलासा एवढाच की दूषित खुराक बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध बऱ्यापैकी स्वच्छ होते.

खराब मका उन्हात वाळवला की चालेल, असे तू लिहिले आहेस. वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, तयार झालेले विष तसेच राहते. आंबोण, म्हणजे गाईचा भिजवलेला खुराक, शिजवूनही ते जात नाही. चांगल्या मक्यात मिसळणे तर सर्वांत वाईट, कारण मग सगळाच साठा संशयास्पद होतो. तो कोंबड्यांनाही घालू नकोस, त्यांना हे विष अधिकच बाधते. तोंडाला रुमाल बांधून तो खतखड्ड्यात टाक.

चांगला मका मात्र नीट सांभाळ. ओलावा तेरा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय पोती शिवू नकोस. मापनयंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून, झाकण लावून जोरात हलव आणि थोडा वेळ ठेव. मीठ काचेला चिकटले तर मक्यात अजून पंधरा टक्क्यांहून अधिक ओलावा आहे. मीठ चिकटले नाही तरी आणखी एक-दोन ऊन दे. साठवण्यापूर्वी चाळणी कर, कारण फुटके दाणे आणि भुकटी यांतच विष जास्त असते. लष्करी अळीने पोखरलेली कणसे तर मळणीआधीच वेगळी काढायला हवीत. कांदाचाळीत ठेवणार असशील तर खालून हवा खेळते हे उत्तम, पण बाजूने येणारी झड अडवावी लागेल आणि ताडपत्रीखाली घाम धरू देता कामा नये.

सरकी किंवा शेंगदाणा पेंड घेताना पोते उघडून वास घे, गाठी झालेली पेंड परत कर. टॉक्सिन बाइंडर म्हणून मिळणारी बेंटोनाइट माती अफ्लाटॉक्सिनचा काही भाग आतड्यात धरून ठेवते, इतर विषांवर तिचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा तिच्या भरवशावर कुजका मका घालणे मला मान्य नाही.

उरलेला साठा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा असे मला वाटते. विष थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते, म्हणून एकाच पोत्यातून मूठभर काढू नकोस. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून दाणे घे, सगळे एकत्र करून भरड आणि त्यातला किलोभर भरडा कागदी पिशवीत भर. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो आणि वाटेतच बुरशी वाढते. पिशवी माझ्याकडे पाठव, नाशिकमध्ये तपासणीची व्यवस्था मी करतो, आणि अहवाल येईपर्यंत गाईंना विकतच्या पशुखाद्यावर ठेव. भारतीय मानकानुसार त्यात बी-१ किलोमागे २० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये, म्हणून गोणीवरची मानकाची खूण पाहून घे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत